ओहोटीची नोकरी

माझ्या आजोबांची नोकरी ओहोटीची होती.
समुद्र मागे सरला की दार उघडायचं,
पुढे आला की लावायचं,
दिवसातून दोनदा,
आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा.
त्यामुळे आमच्या घरात जेवणाला ठरलेली वेळ नव्हती.
आजी झुल्मा बटाटे सोलत म्हणायची,
लग्न केलं ओडिलशी, नांदते चंद्राशी.

फ्लँडर्सचा हा तुकडा बशीसारखा आहे.
उत्तरेला, गाईच्या हंबरण्याइतक्या अंतरावर, सरहद्द:
लोखंडी खांब, त्यावर आकडा,
खांबाला मान घासणारी कुणाची तरी गाय.
पावसाचं पाणी पूर्वी तिकडूनच जायचं,
त्यांच्या दारांतून, त्यांच्या खाडीत.
देश एक होता तोवर कुणी ते मोजलं नाही.

मग देश फाटला,
आणि त्यांनी दारं लावून घेतली.
नाक दाबलं की तोंड उघडतं.
गहू उभ्या उभ्या कुजला.
म्हणे दफनाच्या वेळी पेटी तरंगायची,
माती पडेपर्यंत दोघांनी तिच्यावर उभं राहायचं.
दोन गावं एकमेकांना पाण्यात पाहत राहिली.
शहरातले लोक म्हणतात, पाण्याला सरहद्द कळत नाही.
चांगली कळते.
कोण खालच्या अंगाला आहे, तेवढंच तर त्याला कळतं.

म्हणून हा कालवा.
सरहद्दीच्या कडेकडेने, पश्चिमेला,
आपल्याच मातीतून आपल्याच समुद्रापर्यंत.
कागदावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ.
जमिनीवर मात्र निळी चिकणमाती,
फावडं सोडायलाच तयार नाही,
आणि हिवतापात दात वाजवत खणणारी माणसं.
आजोबांचे आजोबा सेराफीन त्यांत होते.
हजेरीच्या वहीत त्यांचं नाव नाही.
फावडं क्रमांक दोनशे बारा: परत मिळाले.
एवढीच नोंद.

पुढे शेजारी दुसरा कालवा आला, वरच्या नदीचं पाणी घेऊन.
त्या नदीत जवसाच्या पेंढ्या कुजवत, लिननसाठी.
आमचा लखलखी, तो नासका.
दोघांच्या मधल्या बांधावर पॉपलरची रांग,
वाऱ्याने सगळी एकाच बाजूला कललेली,
आणि वास असा की पाद्रीसुद्धा फिरकत नसे.
माझे आईवडील तिथेच भेटायचे.

चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात
पाणी काढायची वाट माणसं अडवायची वाट झाली.
अकरा दिवस आजोबा तळघरात.
वर आले, ते आधी पट्टीपाशी गेले.
त्यांचं अक्षर अजून वहीत आहे:
पातळी धोक्याच्या वर. दार निकामी.
पाण्यात इतर वस्तू.

आता दार माझ्या खिशातल्या फोनवर उघडतं.
गेल्या उन्हाळ्यात पलीकडून मारिनसचा फोन आला.
कांदे गेले, म्हणाला, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा.
मग बराच वेळ फक्त त्याचा श्वास.
थोडं पाणी सोडाल का आमच्याकडे?

एकशे ऐंशी वर्षं आम्ही फेकतच आलो.
त्यांना देण्यासाठी आमच्याकडे वाटच नाही,
रस्त्याखालचा एक जुना नळ सोडला तर,
त्याची झडप गंजून बसलेली.
मी हो म्हटलं नाही.
वंगणाचा डबा घेतला, सायकल काढली.
तो त्याच्या बाजूने आला, हातात पाना.
दुपारभर आम्ही दोघं एका चाकाला लटकलो,
फारसं बोललो नाही,
शिव्या मात्र दोन्हीकडच्या सारख्याच निघाल्या.
चाक फिरलं. एक वीत.
पाणी आधी गढूळ, मग काळं, मग पाण्यासारखं.

त्या संध्याकाळी समुद्र मागे सरला
आणि मी दार उघडलं नाही.
आजी असती,
तर एकदा तरी वेळेवर जेवली असती.